डेपोतल्या झाडाच्या चोवीस काड्या

९ जानेवारी

ठके,

आधी आशीर्वाद घे, मग हसायचं तेवढं हस. तुझा मामा पुन्हा शाळेत जायला लागलाय.

निवृत्त झाल्यापासून सात महिने मी घरात काय दिवे लावत होतो ते तुझ्या मामीला विचार. पहाटे जाग यायची, पहिली पाळी चुकली म्हणून दचकून उठायचो आणि मग आठवायचं, आपल्याला आता कुठेच पोचायचं नाही. परवा मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मामीला दिवसभर मीठ सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सार्वजनिक बागेतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. ‘प्रौढांसाठी वनस्पतींची ओळख आणि बागकाम. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा. शिक्षणाची अट नाही.’ म्हणाली, एक तर तुम्ही इथे जा, नाहीतर मी माहेरी जाते.

बागेतल्या काचघराला लागून एक लांबट खोली आहे, तिथे वर्ग भरतो. आम्ही चौदा जण आहोत. एक शिंपीणबाई, एक निवृत्त टंकलेखिका, दोन नर्स, एक न्हावी (त्याला छाटणी शिकवायचं कामच नाही), असा सगळा गोतावळा. शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील. गुडघे दुखतात म्हणून उंच स्टुलावर बसून शिकवतात, पण आवाज असा खणखणीत की माझ्या कानांतही शिरतो. चौतीस वर्षं इंजिनाशेजारी बसून माझ्या कानांचं काय झालंय ते तुला माहीतच आहे. म्हणून तर फोन न करता हे लिहीत बसतो.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, झाडांशी तुमचा संबंध काय. मी खरं ते सांगितलं. चौतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली, झाडं मला टपावर घासणाऱ्या फांद्यांवरून माहीत. अर्ज करकरून तीन फांद्या तोडवल्यासुद्धा आहेत. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यावर मार्ग काढायला लावला आणि कुठे कुठे फांदी लागते त्या खुणा करायला सांगितल्या. एकवीस झाडं निघाली, ठके. नाव एकाचंही येईना.

आता एकवीस पानं गोळा करायची आहेत. प्रश्न असा की काही झाडांचं पान कुठून सुरू होतं तेच कळत नाही. एका दांडीवर बारा-पंधरा छोटी पानं असतात, मग तेवढं सगळं मिळून एक पान की प्रत्येक वेगळं? वर्गात मी सांगून बसलोय की माझी सख्खी भाची वनस्पतींच्या संशोधन संस्थेत आहे. तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात. लवकर लिही.

तुझा,
मामा

२० जानेवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मिठाच्या डब्यापाशी दरवेळी थांबावं लागलं.

पानाचं सोपं आहे. देठ फांदीला जिथे मिळतो तिथे नीट बघ. बगलेत एक बारीक डोळा असतो, पुढे फुटणारी कळी. डोळा जिथे असेल तिथून पान सुरू. दांडीवरच्या छोट्या पानांच्या बुडाशी डोळा सापडणार नाही, म्हणजे ती सगळी मिळून एकच पान. त्या छोट्यांना पर्णिका म्हणतात. मामीचा चष्मा लाव, तुझा तो जुना नको. त्याची एक काच ओरखडलेली आहे आणि दांडीही सैल आहे, गेल्या खेपेला मी पाहिलं होतं.

पानं वर्तमानपत्रात दाबून ठेव. रोज कागद बदल, नाहीतर बुरशी येईल. प्रत्येक पानाबरोबर चिठ्ठी हवी, तारीख आणि जागा लिहून. मनात ठेवू नकोस. मनात ठेवलेलं सगळं एकमेकांत मिसळतं.

माझं इकडे नेहमीचंच. काम, घर, काम. आईशी रविवारी बोलणं होतं. बाकी काही नवीन नाही.

ठकी

१४ फेब्रुवारी

ठके,

तुझ्या डोळ्याने माझी वर्गात कॉलर ताठ केली. शिंपीणबाई आता प्रत्येक पानाच्या बगलेत सुईने टोकरून बघतात.

आता एक गंभीर काम. आमच्या डेपोत, डिझेलच्या पंपामागे एक झाड आहे. तू लहानपणी माझा डबा घेऊन आईबरोबर यायचीस तेव्हा त्याच्याखालीच बसायचीस, आठवतं का बघ. पांढरी, भरगच्च पाकळ्यांची फुलं येतात. मोसमात सकाळी पहिली बस बाहेर काढताना काचेवरून ती वायपरने बाजूला सारावी लागतात. एकविसांत ते धरलं नव्हतं, कारण त्याची फांदी मला कधी लागली नाही. बाईंना नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ खालीच उभ्या राहिल्या, गुडघे विसरून. त्यांनी जे लांबलचक नाव सांगितलं ते माझ्या तोंडात बसेना. आम्ही त्याला डेपोचं झाडच म्हणतो. म्हणाल्या, या गावात दुसरं पाहिलेलं नाही. आणि त्याला बी धरत नाही, कारण फुलातल्या केसरांच्याच पाकळ्या झाल्यात.

एप्रिलच्या शेवटी ते तोडणार. नवी शेड यायची आहे. अर्ज केला, पण शेड मंजूर झालेली आहे आणि खरं सांगायचं तर ड्रायव्हर लोकांना शेड हवीच आहे, उन्हात बसची शिडी भाजते. मी कोणत्या तोंडाने भांडू?

म्हणून काड्या लावायच्या ठरल्या. बाई म्हणाल्या, जुन्या झाडाच्या काड्यांना मुळं सहजी फुटत नाहीत, औषध लागेल, आणि या जातीला किती ते त्यांना नक्की ठाऊक नाही. त्यांनी तुझ्या नावाने तुमच्या संस्थेला पत्र टाकलंय. तुला मिळालं की उत्तर धाड.

मामा

२२ फेब्रुवारी

मामा,

संस्थेला कशाला लिहिलं? तिथे टपाल आठवडेच्या आठवडे एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतं. काही विचारायचं असेल तर मला घरच्या पत्त्यावर लिही, बाईंनाही तसं सांग.

ते झाड मला आठवतं. त्याच्या फुलांनी मी डब्याचं झाकण भरायचे.

आता नीट वाच. सकाळी लवकर काड्या घ्या. अगदी कोवळी नको, जून लाकूड नको, वाकवली तर लवचिक वाटेल पण शेवटी मोडेल अशी. वीतभर लांब. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली. औषधाची पूड थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं, शंभर मिलिलिटरला दीड ग्रॅम. खालचं टोक पाच सेकंद बुडवायचं, अधिक नाही. धुतलेल्या वाळूत लावा, वर प्लास्टिकचं झाकण, थेट ऊन नको. दोन महिने धीर धरावा लागेल. रोज उपटून बघू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

ठकी

७ मार्च

ठके,

काड्या लावल्या. न्हाव्याने कापल्या, मी बुडवल्या, टंकलेखिकेने चिठ्ठ्या लिहिल्या. चोवीस आहेत.

संस्थेकडून बाईंना उत्तर आलं, त्यात विशेष काही नव्हतं. तू काळजी करू नकोस.

जेवतेस ना वेळेवर? मामी विचारते, म्हणजे मीही विचारतो. आणि तू मला अजून बरंच शिकवायचं बाकी आहे. मुळं खालीच का जातात? काडी उलटी लावली तर? कोंब उजेडाकडे वळतो, त्याला डोळे नसताना कसं कळतं? बाईंना विचारलं असतं, पण तुझ्याकडून समजून घेतलं की जास्त टिकतं. मोठं उत्तर लिही. घाई नाही.

मामा

२५ मार्च

मामा,

मागच्या पत्रात तुझे तिन्ही प्रश्न चार पानं भरून सोडवले, पण काड्यांबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. कशा आहेत? पानं गळली का? गळली तरी घाबरू नकोस, हिरवी काडी जिवंत असते. दोन ओळी तरी टाक.

ठकी

२ एप्रिल

ठके,

लिहू की नको असं करत होतो. औषधात बुडवलेल्या काड्या खालून काळ्या पडल्या. आधी टोक, मग वर वर चढत गेलं. परवा शेवटची काढली. बाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, जळल्यात, औषध कडक झालं असावं. मीच मोजताना घोळ घातला असेल. माझे हात स्टिअरिंगचे, त्यांना ग्रॅम काय कळणार? मनाला लावून घेऊ नकोस.

मामा

६ एप्रिल

मामा,

तुझा घोळ नाही. माझा आहे. तुझं पत्र मिळाल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. लिटरला दीड ग्रॅम हवं होतं. आम्ही नेहमी लिटरवर करायचो. तुम्हाला थोडंच लागणार म्हणून मी लिटरचे शंभर मिलिलिटर केले आणि ग्रॅम तसेच ठेवले. दहापट कडक. तुझ्या झाडाच्या काड्या मी जाळल्या.

आणि का चुकलं तेही ऐक. माझ्या वहीत बरोबर आकडा आहे, पण वही माझ्याजवळ नाही. ती संस्थेत राहिली. मी तिथे दीड वर्षापासून जात नाही. आठवणीवर लिहिलं आणि तुला वाटू दिलं की प्रयोगशाळेतून लिहितेय.

तिथेही मी असंच केलं होतं. रोपांच्या दोन गटांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून अदलाबदल झाल्या. चौदा महिने मी मोजमापं घेत राहिले आणि ती सगळी भलत्याच गटाच्या नावावर. कोणी रागावलं नाही. सर म्हणाले, होतं असं, पुन्हा सुरू कर. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मग रोजच परत येऊ लागले, आणि एक दिवस राजीनामा टाकला.

मी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेम बसवते, दांड्या घट्ट करते, नाकावरच्या चकत्या बदलते. आईला माहीत नाही. ती अजून लोकांना सांगते, आमची संस्थेत आहे. तिला सांगू नकोस. बाईंची माझ्या वतीने क्षमा माग. माझ्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी ते झाड घालवलं.

ठकी

१२ एप्रिल

ठके,

नाव ठकी म्हणून मामाला ठकवता येतं असं नाही. मला मार्चपासून माहीत होतं. संस्थेच्या उत्तरात एकच ओळ होती, या नावाच्या व्यक्तीने काम सोडलेलं आहे. बाईंनी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला गेल्या.

त्यानंतर आम्ही तुझं औषध वापरलं. हे नीट वाच. माहीत झाल्यानंतर वापरलं. बाई एवढंच म्हणाल्या, सहा वर्षं तिने हेच केलंय ना, मग करू. मी तुझ्या संस्थेला कुठे विचारलं होतं? मी तुला विचारलं होतं.

आणि आता दुसरी गोष्ट, जी मी मुद्दाम दडवली नव्हती, तुला अविश्वास वाटेल या संकोचाने राहून गेली होती. बाईंनी चोवीसच्या चोवीस बुडवू दिल्या नाहीत. बारा कोरड्याच लावायला लावल्या. म्हणाल्या, औषध कुणाचंही असो, काही काड्या तशाच ठेवायच्या, नाहीतर कळणार कसं. त्या बारा अजून हिरव्या आहेत. मुळं आहेत की नाहीत देव जाणे, मी उपटून बघितलेलं नाही. एकदाच बघितलं होतं.

तुझ्या चौदा महिन्यांबद्दल मला अक्कल नाही. माझं एवढंच आहे. नोकरीच्या पाचव्या वर्षी आमच्या मार्गातला एक रस्ता बदलला होता आणि मी सवयीने जुन्याच रस्त्याला बस घातली. मागे चाळीस माणसं. चूक लक्षात आली, पण बस काही रिक्षा नाही, जागच्या जागी वळत नाही. पुढचा चौक येईपर्यंत तसंच जावं लागलं, सगळ्यांच्या देखत. कंडक्टर शिव्या घालत होता. एक म्हातारी उतरताना म्हणाली, बरं झालं, या बाजूला मी कित्येक वर्षांत आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मला डेपोत जायचं नव्हतं. तुझ्या आईने डबा भरून दारात ठेवला आणि स्वतः कामाला निघून गेली. भरलेला डबा घरी ठेवून बसणार किती वेळ? गेलो.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. जूनपासून काड्या आणि कलमं शिकवायला त्यांना शनिवारी कोणीतरी हवंय. त्यांनी तुझं नाव काढलं, मी नाही. आगगाडीने अडीच तास.

मामा

१९ एप्रिल

मामा,

तुम्ही दोघं फार चांगले आहात, म्हणूनच नको. चौदा माणसं वह्या काढून माझ्या तोंडाकडे बघणार आणि मी सांगेन ते उतरवून घेणार. मला ते झेपणार नाही. रागावू नकोस.

ठकी

११ मे

ठके,

रागावलो नाही. फक्त बातमी कळवतो.

झाड गेल्या आठवड्यात तोडलं. सकाळी आठला माणसं आली, साडेदहाला मोकळं झालं. मी गेलो होतो. चौदातले नऊ जण आले होते. शिंपीणबाईंनी दुकान बंद ठेवलं.  पंपामागे इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

बारांपैकी सात काड्या वाळल्या. पाचांना नवी पानं आलीत, बोटाच्या पेराएवढी. भांड्याच्या तळातून एकीचं पांढरं मूळ डोकावतंय. आता त्यांना वाळूतून काढून पिशव्यांत लावायचंय. बाई इस्पितळात आहेत. नर्सबाई म्हणतात थांबू या, न्हावी म्हणतो आज करू या आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण भाची माझी. ती मुळं इतकी नाजूक दिसतात की मला हात लावायची छाती होत नाही. गावात ही पाचच.

तू आलीस तर बरं. नाही आलीस तर मी करीन आणि जे होईल ते तुला खरं खरं कळवीन. तारीख जून महिन्याचा पहिला शनिवार, तीन वाजता.

मामा

१४ जून

मामा,

घरी पोचले. नखांतली माती अजून निघालेली नाही. दुकानात आज एका गिऱ्हाइकाने माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, बाग आहे का तुमची. मी हो म्हणून टाकलं.

पहिल्या शनिवारी पिशव्या भरताना तू इतका वेळ श्वास रोखून उभा होतास की तुझीच काळजी वाटली. पहिलं रोप काढायला मला दहा मिनिटं लागली, तुला दिसलं असणार. तिसऱ्यापासून हात सरावला. पाच म्हणजे पाच, सगळी कालही ताठ होती.

काल दुसरा शनिवार झाला. तू शेवटच्या बाकावर बसला होतास, म्हणून तुला एक ऐकू गेलं नसणार. न्हाव्याने विचारलं, एकाच फांदीच्या दोन काड्या, एकाच भांड्यात, एकीला मूळ फुटतं आणि दुसरीला नाही, असं का?  मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’ मला वाटलं आता वह्या मिटतील. टंकलेखिकाबाईंनी खाली मान घालून लिहिलं, ‘माहीत नाही,’ आणि त्याखाली रेघ मारली. न्हावी म्हणाला, मग लावून बघू या की, शंभर लावू. मामा, मी सहा वर्षं ज्या खोलीत काम केलं तिथे ‘लावून बघू या’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल, पण असं कधी ऐकू आलं नव्हतं.

आणि हो, वर्गात तू मला बाई म्हणालास तेव्हा हसू दाबता दाबता जीव गेला. पुढच्या वेळी म्हणू नकोस. किंवा म्हण.

आज रविवार. सकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, राजीनामा, दुकान, दीड वर्ष खोटं बोलले ते सगळं. बोलताना मी उभीच होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. 

मग म्हणाली, ‘मला केव्हाच कळलं होतं.’

मला वाटलं तू सांगितलंस. तुझं नाव घेतलं तर म्हणाली, त्याला माहीत होतं का? म्हणजे आता तुझी चौकशी व्हायची आहे, तयार राहा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, संस्थेत होतीस तेव्हा रविवारी दोन मिनिटांत फोन ठेवायचीस. आई, रोपांना पाणी घालायचंय, आई, ट्रे हलवायचेत. झाडांना कुठे सुट्टी असते? आणि मग एका रविवारी तू ठेवलाच नाहीस. तासभर बोललीस, पुढच्या रविवारीही. तेव्हा मी समजले की पोरीकडे आता पाणी घालायला काही उरलेलं नाही.

मी विचारलं, मग इतके दिवस मला विचारलं का नाहीस?

ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर तू ओशाळली असतीस. मग फोन कमी केले असतेस. आणि मला तर ते तासभर आवडायला लागलं होतं ग.’

शनिवारी येते.

तुझी,
ठकी